सात महिन्यांच्या आतलं बाळ आणि घरची प्युरी: फ्रीझरमधला पालक-बीट देऊ की टाकू?

रानजाई | सोमवार, रात्री ११:३५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

लेक परवा साडेसहा महिन्यांची झाली. २६ आठवड्यांची रजा संपली, तिला जोडलेली शिल्लक रजाही संपत आली. पुढच्या सोमवारपासून ऑफिस. उष्टावण झालंय, मामाने चांदीच्या वाटीतून खीर भरवली आणि तिने ती मामाच्याच शर्टावर परत केली. मऊ भात-तूप आणि नाचणी सत्त्व सुरू आहे. आता भाज्या.

ऑफिस सुरू झाल्यावर रोज सकाळी वाटणघाटण जमणार नाही, म्हणून काल रविवारी जोरात कामाला लागले. मंडईतून पालक, बीट, गाजर, लाल भोपळा आणला. सगळं वाफवलं, मिक्सरमधून काढलं आणि झाकणाच्या बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाकलं. रांगोळीच्या डब्यासारखा दिसतोय फ्रीझर. मी फोटो काढून वहिनीला पाठवला. तिचा लगेच फोन: "घरी केलेली पालक-बीटची प्युरी बाळाला द्यायची नसते, नायट्रेट असतं, बाळ निळं पडतं." आणि फोन ठेवून दिला!!

सासूबाईंचं वेगळंच. त्यांना फ्रीझर हा शब्दच मान्य नाही. "लेकराला शिळं घालणार का? मी रोज ताजं करीन." त्या दुपारपर्यंत सांभाळणार, मग ४ ते ७ पाळणाघर.

प्रश्न असा की ट्रे टाकून देऊ का? आणि घरची प्युरी करताना नक्की कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? गूगल केलं की दर तिसऱ्या ओळीला मरण आहे.

खडूस_आजी | सोमवार, रात्री ११:५२

आमच्या वेळी प्युरी नव्हती. भात बोटाने कुस्करायचा, वरणाचं पाणी घालायचं, भरवायचं. तिन्ही मुलं ठणठणीत आहेत. सासूबाई बरोबर बोलतात. ताजं ते ताजं.

तळ्यातमळ्यात | सोमवार, रात्री ११:५८

आजी, तुमच्या वेळी फ्रीझरही नव्हता, त्यामुळे ताजं करण्यावाचून इलाज नव्हता. हलके घ्या. :)

अवखळ | मंगळवार, सकाळी ७:१०

रानजाई, ट्रेवर चिठ्ठी लाव बाई. आमच्याकडे बीटचे क्यूब होते. नवऱ्याच्या मित्राने शनिवारी रात्री बर्फ समजून ग्लासात टाकले. "वहिनी, हे काहीतरी क्राफ्ट आहे का?" म्हणून अर्धा ग्लास प्यायला पण.

बालरोगवाला | मंगळवार, सकाळी ८:०५

रानजाई, आधी घाबरणं थांबवा. तुमच्या वहिनी चुकीचं बोलल्या नाहीत, अर्धं बोलल्या.

पालक, बीट, गाजर यांच्यात नायट्रेट असतं. ते मातीतून आणि खतातून येतं. नायट्रेट स्वतः फार उपद्रवी नाही. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात हा बिघाड दुरुस्त करणारं एन्झाइम पुरेसं असतं, तान्ह्या बाळात कमी. शिवाय तान्ह्याच्या पोटात आम्ल कमी, त्यामुळे जिवाणूंना मोकळं रान. मग ओठ-नखं निळसर होतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरांनी हे मांडलं तेव्हा त्यांनी पाहिलेली बाळं भाजी खातच नव्हती. ती विहिरीच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पीत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पाण्यावर परत यावं लागेल.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचा इशारा घरी केलेल्या पालक-बीट-गाजरासाठी आहे, पण तो ३ महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी. आपण ६ महिन्यांआधी दुधाशिवाय काही देत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. साडेसहा महिन्यांच्या, पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला दोन-तीन चमचे पालक अधूनमधून दिला तर बाळ निळं पडणार नाही. रोज नको. जुलाब चालू असताना तर नकोच. ओठ खरंच निळे दिसले तर मात्र इथे धागा काढू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि लोहासाठी म्हणून पालक देत असाल तर तो विचार सोडा. पालकातलं लोह बाळाच्या अंगी फारसं लागत नाही. डाळ, नाचणी, खात असाल तर अंड्याचा बलक, मटणाचा खिमा. वरणाचं नुसतं पाणी दिलं तर डाळ भांड्यातच राहते, पाणी बाळाच्या पोटात. (आजी, हे तुम्हाला नाही, सगळ्यांना.)

खडूस_आजी | मंगळवार, सकाळी ८:२०

कळलं कोणाला ते.

लॅबवाली | मंगळवार, दुपारी १:४०

डॉक्टरांनी रक्ताचं सांगितलं, मी वाटीचं सांगते. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढली आहेत.

पालकाच्या पानात नायट्रेट आणि नायट्राइट करणारे जिवाणू एकमेकांना फारसे भेटत नाहीत. तुम्ही पान शिजवून वाटता तेव्हा सगळा रस मोकळा होतो. मग ती वाटी ओट्यावर राहिली की हवेतले, चमच्यावरचे, मिक्सरच्या पात्यावरचे जिवाणू तिच्यात येतात आणि त्यांच्यासमोर ताट वाढलेलं असतं. म्हणजे बाळाच्या पोटात जे घडण्याची भीती आहे, ते आपण ओट्यावरच घडवून ठेवतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये पालकाबद्दल हेच लिहिलं: बाळाला दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा पालक नको, पोटात संसर्ग असताना नको आणि शिजवलेला पालक नीट साठवला नाही तर नायट्राइट वाढतं.

त्यामुळे माझा प्रश्न एवढाच: रानजाई, रविवारी वाटल्यापासून फ्रीझरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला? अर्धा-पाऊण तास गेला असेल तर ट्रे चांगला आहे, द्या. फ्रीझरच्या उणे १८ अंशांत जिवाणूंचं काम थांबतं. मरत मात्र नाहीत, झोपतात. वितळलं की उठतात.

पालक-बीट भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून दिलं तर बरंचसं नायट्रेट पाण्याबरोबर जातं. वाफवण्यात ते तसंच राहतं. एरवी वाफवणं चांगलं म्हणतात, इथे उलटं आहे. गाजर-भोपळ्याला एवढं बघायची गरज नाही.

तळ्यातमळ्यात | मंगळवार, दुपारी १:५५

+१. "ओट्यावरच घडवून ठेवतो" साठी दंडवत.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:१५

धन्यवाद डॉक्टर आणि लॅबवाली. वेळ मोजला नव्हता हो. भोपळा आणि गाजर पटकन झालं. पालक वाटला आणि लेक उठली, तिला पाजलं, झोपवता झोपवता मीही झोपले. उठून पाहिलं तर साडेचार. वाटला असेन दोनच्या आसपास.

लॅबवाली | मंगळवार, दुपारी ३:२२

पालक टाका. बाकीचं ठेवा.

(एप्रिलमध्ये आपल्या स्वयंपाकघरात दुपारी ३५-३८ अंश असतात. शिजवलेलं बाहेर दोन तास चालतं हा थंड देशातला हिशेब आहे. ३२ अंशांच्या वर गेलं की तेच लोक एक तास सांगतात.)

दोन_बाळांची_आई | मंगळवार, दुपारी ४:३०

माझे तीन किस्से, तिन्ही खरे.

एक. मोठ्याला सात महिन्यांचा असताना भोपळ्याची पहिली प्युरी दिली. पहिला घास गेला आणि तो असा काही किंचाळला की शेजारच्या काकू धावत आल्या. भांडं तेच, आदल्या रात्री ज्यात ठेचा केला होता. मी घासलं होतं हो! पण पात्याखालची रबरी रिंग काढून घासली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा ती रिंग काढली. ठेचा परवडला, अशी काळी बुरशी होती तिथे. तेव्हापासून बाळाचं छोटं भांडं वेगळं आणि रिंग दर वेळी सुटी.

दोन. मोठा आठ महिन्यांचा असताना नाक आणि तळवे पिवळे. आम्ही कावीळ म्हणून रात्री दवाखान्यात. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पांढरेशुभ्र. विचारलं, "गाजर किती देता?" रोज देत होते. भोपळाही. म्हणाले, काही नाही, रंग चढलाय, उतरेल. कावीळ असती तर डोळे पिवळे दिसले असते. उतरायला दोन महिने लागले. तेवढ्यात सासरच्या एका लग्नात सगळ्यांनी "हळद लागली का याला?" विचारून घेतलं.

तीन. बीट. एवढंच सांगते की दुसऱ्या दिवशी लंगोट उघडताना आठवण ठेवा की काल बीट दिलं होतं. मी नाही ठेवली.

अवखळ | मंगळवार, दुपारी ४:४१

लंगोट!!! माझ्या नवऱ्याने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला होता. रात्री दीडला. डॉक्टरांचं उत्तर एका शब्दाचं: "बीट?"

टँकरवाला_नव्हे | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

डॉक्टर पाण्याबद्दल म्हणाले ते कोणी उचललं नाही, म्हणून मी उचलतो. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पुढे राहतो. महापालिकेचं पाणी अर्धवट, बाकी बोअर आणि टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे सोसायटीत कोणाला माहीत नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी-धायरीकडे गिया बारेची (जीबीएस, नसांचा आजार) साथ आली, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. तेव्हा सगळ्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली. बरोबरच होतं ते, जंतू उकळून मरतात.

पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की तेवढ्याच पाण्यात जास्त होतं. बाटलीबंद आणि नळाच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे ४५ मिलीग्रॅमची आहे, बोअरच्या पाण्याला कोणी विचारत नाही. आजूबाजूला ऊस आणि सेप्टिक टाक्या असल्या की बोअरमध्ये ते असणारच. आम्ही सोसायटीचं पाणी तपासून घेतलं, नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. आता बाळाचं सगळं, प्युरी पातळ करणंसुद्धा, आरओच्या पाण्यात. आरओ नायट्रेट बऱ्यापैकी काढतं. साधा मेणबत्तीवाला फिल्टर नाही.

कोथरूडचा_वाटसरू | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तुमच्याकडे निदान टँकर येतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. धरण भरलेलं असो की रिकामं, गुरुवार अढळ आहे.

टँकरवाला_नव्हे | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

कोथरूडने पाण्यावर बोलू नये, असा नियम करावा का या धाग्यावर?

कोथरूडचा_वाटसरू | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

का हो? आमच्या टाक्या काय आभाळातून भरतात?

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद पाण्याच्या धाग्यात हलवले आहेत. इथे बाळाच्या जेवणावर बोलूया. – व्यवस्थापक)

खडूस_आजी | मंगळवार, रात्री ९:०५

पालक कडसर लागतो म्हणून पोरं थुंकतात. चमचाभर मध घालावा. आमच्याकडे जन्मल्यावर पहिला मधच चाटवतात.

बालरोगवाला | मंगळवार, रात्री ९:०९

आजी, नाही. एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही. बोटाला लावूनही नाही, गुटीतही नाही.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तुम्हाआम्हाला काही होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी बंद होते, मग रडणं क्षीण, मान धरवत नाही, दूध ओढता येत नाही. घरचा मध, जंगलातला मध, उकळलेला मध, सगळं सारखंच. घरच्या उकळीने ते बीजाणू मरत नाहीत.

खडूस_आजी | मंगळवार, रात्री ९:२०

माझ्या तिघांना चाटवला होता.

चिंचगुळ | मंगळवार, रात्री ९:२६

आजी, माझे आजोबा बिनहेल्मेट स्कूटरवर सत्तर वर्षं फिरले. त्यांच्याबरोबर फिरणारे दोघे नाही फिरले. ज्यांना झालं नाही तेच सांगायला उरतात हो.

दोन_बाळांची_आई | मंगळवार, रात्री ९:४०

मीठ-साखरेचंही तेच, वर्षापर्यंत नको. आमच्या सासूबाई लपून मीठ टाकायच्या, "बेचव कसं खाईल?" म्हणून. त्याला बेचव म्हणजे काय हेच माहीत नाही अजून!

बाबा_रजेवर | बुधवार, सकाळी १०:२०

मुळात प्युरी कशाला? आम्ही मुलीला पहिल्यापासून हातात धरून खाता येतील असे मऊ तुकडे देतो. वाफवलेल्या गाजराची बोटाएवढी कांडी, रताळं, पेरूचा गाभा. साठवण नाही, मिक्सर नाही, ठेचा नाही.

बालरोगवाला | बुधवार, दुपारी १:१५

चालेल, पण तुकडा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे आणि बाळ टेकू देऊन का होईना सरळ बसलं पाहिजे. कच्चं गाजर, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. आणि भरवताना समोर मोठं माणूस, मोबाइलशिवाय. प्युरीवाल्यांनाही सांगतो: वर्षभर प्युरीच देत राहू नका. आठ-नऊ महिन्यांपासून कुस्करलेलं, गुठळीचं द्या. पाणीदार गिळायची सवय लागली की नंतर भाकरीचा तुकडा दिसला तरी उमासे येतात.

पुणेरी_हिशेब | बुधवार, दुपारी २:३०

विकतची डबी का नाही घेत? एवढी चिंता असेल तर परदेशातल्या मोठ्या कंपन्या पालकाचं नायट्रेट तपासून घेतात म्हणे.

लॅबवाली | बुधवार, दुपारी २:५०

घेतात, हे खरं. पण २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या उपसमितीचा अहवाल आला, त्यात तिथल्याच नावाजलेल्या बेबी फूडमध्ये आर्सेनिक, शिसं, कॅडमियम सापडल्याचं होतं. तांदळाचे पदार्थ त्यात पुढे होते. म्हणजे डबीत एक गोष्ट तपासलेली आणि दुसरी तशीच. घरी निदान एकच भाजी रोज न देता बदलत राहता येते. आठवड्यात चार वेगळ्या भाज्या दिल्या की कुठल्याच एका गोष्टीचा साठा होत नाही. मी तरी माझ्या मुलाला प्रवासात डबी दिली, घरी नाही.

पाळणाघरवाली_ताई | बुधवार, रात्री १०:१०

दिवसभर वाचतेय, आत्ता लिहायला वेळ मिळाला. माझं पाळणाघर आहे, बारा मुलं, त्यातली तीन वर्षाच्या आतली. आमच्याकडे काय येतं ते सांगते.

सगळ्यात जास्त येतो तो गरम डबा. आई सकाळी सातला गरम प्युरी स्टीलच्या थर्मासमध्ये भरते आणि साडेबाराला मी उघडते. आईला वाटतं गरम राहिली. मी बोट घालून पाहते, कोमट असते. पाच तास कोमट! दही लावायला आपण हेच करतो ना? फक्त इथे विरजण कोणतं पडलंय ते माहीत नाही. मी दोनदा असे डबे ओतून दिले आणि एका आईने पाळणाघर बदललं.

गार डबा गार राहिला तर चालतो. फ्रीझरमधले क्यूब, हवाबंद डबीत, बाजूला बर्फाची पिशवी, वर बाळाचं नाव आणि तारीख. मी आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवते आणि वेळेला वाटीत काढून पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करते, मग निववून देते. एकदाच गरम करते. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर नीट ढवळते, नाहीतर कुठे गार आणि कुठे जीभ पोळेल असं.

भरवलेल्या वाटीत उरलेलं टाकून देते. बाळाच्या तोंडातला चमचा परत वाटीत गेला की त्या वाटीत लाळ गेली. यावर आयांचा सगळ्यात जास्त राग. "एवढी उरली होती, परत का नाही पाठवली?" बाई, दोन चमचे काढून घ्यायचे, लागले तर अजून काढायचे. अख्खी डबी समोर घेऊन बसायचंच नाही.

रानजाई | बुधवार, रात्री १०:३०

ताई, दह्याचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. मी थर्मास ऑर्डर केला होता. रद्द करते.

खडूस_आजी | गुरुवार, सकाळी ६:४०

मधाचं माझं चुकलं. काल रात्री धाकट्या सुनेला फोन केला, ती नर्स आहे, तीही तेच म्हणाली. नातवाला देऊ नका म्हणाली होती तेव्हा मी तिलाच बोलले होते.

आता एक माझं ऐका. तुम्ही सगळे दुधी भोपळा देणार बाळाला, सगळेच देतात, पचायला हलका. दुधी चिरताना देठाकडची चकती कापून जिभेला लावायची. कडू असेल तर अख्खा दुधी टाकायचा. माझी आई करायची, मी करते. आमच्या सुना हसतात. बाळाला कडू सांगता येत नाही, ते थुंकेल आणि तुम्ही म्हणाल नखरे करतोय.

बालरोगवाला | गुरुवार, सकाळी ७:३०

आजी, दंडवत. हे मी लिहायला हवं होतं.

कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाची द्रव्यं असतात, काकडी-दोडक्याच्या कुळातच ती आढळतात. मोठी माणसं कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या होऊन दाखल झालेली आहेत, काही दगावलीही आहेत. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली होती. सल्ला आजींचाच आला: आधी चव घ्या, कडू असेल तर टाका. शिजवून कडवटपणा जात नाही आणि विषही जात नाही. दुधी चांगला दिसतोय यावर जाऊ नका, बाहेरून काही कळत नाही.

चिंचगुळ | गुरुवार, सकाळी ७:४५

स्कूटरवाला प्रतिसाद मागे घेत नाही, पण आजींपुढे हात जोडतो.

लॅबवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

आजी, चकती जिभेला लावून थुंकायची, गिळायची नाही, एवढी भर घालते. काकडी, दोडका, घोसाळं, सगळ्यालाच हे लागू आहे. आणि हिरवट पडलेला, मोड आलेला बटाटा बाळाला नको.

खडूस_आजी | गुरुवार, सकाळी ९:१५

थुंकतेच मी. वेडी आहे का.

रानजाई | पुढच्या बुधवारी, रात्री ११:१०

मंडळी, आठवड्याचा हिशेब देते. तीन दिवस ऑफिसला गेले.

पालक टाकला. बीट, गाजर, भोपळा ठेवला. बीट आठवड्यातून एकदाच, बाकी फिरवून.

आता सासूबाईंचं. त्यांनी "रोज ताजं" करायचं ठरवलं आणि मी गप्प बसले, कारण मनातून मलाही वाटत होतं की ताजंच बरं. सोमवारी साडेबाराला घरी फोन केला. व्हिडिओवर पाहिलं तर ओट्यावर झाकलेली वाटी. म्हटलं, ही कधीची? "सकाळचीच, ताजी." पावणेआठची! त्यातली थोडी दहाला भरवली होती, त्याच चमच्याने. उरलेली साडेबाराला गरम करून देणार होत्या, आणि परत राहिली तर चारच्या डब्यात. तिसऱ्यांदा गरम करून.

मला एकदम हसू आलं आणि रडूही. आमच्या घरात फ्रीझरमधलं शिळं आणि ओट्यावरचं ताजं. आणि शहाणपणा शिकवायला गेले तर माझ्या बाजूनेही काही बरं नव्हतं, त्याच दिवशी सकाळी मी क्यूब "जरा सुटू दे" म्हणून ओट्यावर ठेवून आंघोळीला गेले होते.

रात्री भांडायचं नाही असं ठरवून त्यांना हा धागा वाचून दाखवला. मधाच्या जागी त्या गप्प झाल्या. दुधीच्या जागी म्हणाल्या, "बघ, आमच्या वेळच्या बायकांना कळत होतं." मग ताईंचं विरजण वाचलं आणि स्वतःच उठून म्हणाल्या, "म्हणजे मी रोज दही लावत होते की गं पोरीसाठी."

आता ठरलंय ते असं. दुपारचं जेवण सासूबाई भरवायच्या आधी अर्धा तास करतात, दोन वाट्या. एक लगेच, दुसरी पसरट ताटलीत ओतून, ताटली गार पाण्याच्या परातीत ठेवून निववून फ्रीजमध्ये. ती चारला पाळणाघरात, बर्फाच्या पिशवीबरोबर. त्यानंतर जे उरेल ते आजोबा खातात. (आजोबांनी परवा विचारलं, यात मीठ घालायला काय झालं होतं?) क्यूब फक्त माझ्या घाईच्या दिवसांना, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून.

पाळणाघरवाली_ताई | पुढच्या बुधवारी, रात्री ११:२५

आजोबांना माझ्याकडून एक डबा बक्षीस.

टँकरवाला_नव्हे | गुरुवार, सकाळी ७:५०

आणि पाणी कुठलं वापरता, रानजाई?

रानजाई | गुरुवार, सकाळी ८:०२

आरओ. तुमचा प्रतिसाद वाचून बोअरचा नमुना तपासायला दिलाय, अजून यायचाय. आणि आज गुरुवार आहे, नळाला पाणी नाही, विचारू नका.

खडूस_आजी | गुरुवार, सकाळी ८:३०

दुधी चाखलास का?

रानजाई | गुरुवार, सकाळी ८:३४

हो आजी. गोड होता. लेकीने तरीही थुंकला.

नवखी_आई | गुरुवार, दुपारी १२:१५

धागा आत्ताच सापडला, सगळा वाचला. माझा प्रश्न जरा वेगळा आहे: बीटचा डाग पांढऱ्या झबल्यावरून कसा जातो? उष्टावणाचं आहे, आजेसासूबाईंनी शिवलेलं. त्या रविवारी येणार आहेत.